धूम्रकेशाचा राहिलेला मृत्यू

परबकाका टीव्हीवर दिसायला लागले तेव्हा आमच्या मजल्यावर टीव्ही दोन होते, नळ एक होता आणि राक्षसही एकच होता. टीव्हीत मुंग्या यायच्या, नळाला पाणी दुपारी चारला यायचं, राक्षस मात्र चोवीस तास हजर. माझ्या समोरच्याच खोलीत, पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात, गॅलरीत बसून पेपर वाचत.

घाटकोपरच्या आमच्या वसाहतीत बरीच मंडळी कोकणातली. परबकाका त्यातले अस्सल. उंची सहा फूट, मिशा अशा की बाळं रडायची थांबायची किंवा नव्याने सुरू व्हायची, आणि आवाज तर विचारू नका. खाली रस्त्यावरच्या भाजीवाल्याला ते वरून भाव विचारायचे आणि तो घाबरून चार आणे उतरवायचा. नोकरी माहुलला, एका तेल कारखान्याच्या आगीच्या बंबावर. तेवीस वर्षं नोकरी केली, तेवीस वर्षांत आग लागली नाही. "मगे तुम्ही करता काय हो दिवसभर?" असं मीच त्यांना एकदा त्यांच्याच बोलीत चिडवलं. म्हणाले, "वाट बघतंय गो मास्तरणी. वाट बघूचो पगार देतत माका."

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे म्हणून मी मास्तरीण. वसाहतीत सगळे मला बाई म्हणायचे, हे एकटे मास्तरणी. मला राग यायचा. आता कुणी म्हणत नाही, त्याचा जास्त येतो.

काकांचे वडील गावाकडे दशावतारात असुराची कामं करायचे. तो वारसा काकांकडे आला होता. गावमंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ते दरसाल कुठला ना कुठला राक्षस व्हायचे आणि शेवटी मरायचे. मरण त्यांची खासियत. वार झाला की पडले, असला कारभार नाही. आधी आश्चर्य, मग राग, मग तीन गिरक्या, मग एका गुडघ्यावर येऊन शत्रूची तारीफ, मग पुन्हा उठायचा प्रयत्न, मग छातीवर हात, आणि मग कुठे देह खाली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. एकदा समोरचा देव कंटाळून विंगेत जाऊन चहा पिऊन आला म्हणतात.

हे मरण बघूनच एका टीव्ही मालिकेच्या माणसाने काकांना हेरलं. तेव्हा मालिकांचं नवं वारं होतं, अंधेरीला कुठल्या कुठल्या गोडाऊनात स्टुडिओ उघडत होते. ही मालिका 'सावल्यांचा रांजण'. आणि सांगते, गोष्ट झकास होती हो! धूम्रकेश नावाचा राक्षस सात राज्यांतल्या माणसांच्या सावल्या चोरतो आणि एका रांजणात कोंडतो. सावली नसलेल्या माणसाला उन्हात जाता येत नाही, म्हणून सगळी प्रजा घरात बसून. शेतं ओस. आणि एक राजपुत्र, जो जन्मलाच सावलीशिवाय, त्याचं राक्षस काही चोरूच शकत नाही. आता बोला! माझ्या चौथीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगितली तर मधल्या सुट्टीतसुद्धा कुणी जागचं हललं नाही.

पण गोष्ट सोन्याची आणि सेट पुठ्ठ्याचा. सात राज्यांना मिळून गुहा एकच. तिच्यावर कधी वेली टांगायच्या, कधी कोळ्याचं जाळं. उडणारा घोडा नेहमी मानेपर्यंतच दिसायचा, कारण मानेखाली घोडाच नव्हता. राजपुत्र एका बँकेत कारकून, तो संध्याकाळी साडेसहाला सुटणार, म्हणून त्या राज्यात कायम तिन्हीसांज. एवढं असून दर गुरुवारी आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसायची. कारण धूम्रकेश हसायचा. खोल विहिरीत कुणी एकेक घागर सोडावी तसं ते हसू खालून वर यायचं. पहिल्या भागाला पुढे बसलेली निम्मी पोरं आयांच्या मांडीवर गेली. मालिका संपल्यावर तीच पोरं काकांच्या दारात. "काका, माझी सावली आहे ना अजून?" काका प्रत्येकाला गॅलरीतल्या दिव्याखाली उभं करायचे, गंभीरपणे तपासायचे आणि म्हणायचे, "आसा. पण जपान ठेव."

शूटिंगहून परतताना हिरवा रंग कानामागे राहायचा. तो तसाच घेऊन ते कामावर जायचे. बंबावरच्या साहेबाने एकदा विचारलं, "परब, ये क्या है?" काका म्हणाले, "खानदानी है साब."

आता त्यांच्या दोन खोडी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली, त्यांना निरोप देता यायचा नाही. कुणी पाहुणा उठला, चप्पल घालायला लागला, की हा सहा फुटी गडी गायब. मोरीत, जिन्याखाली, गच्चीवर, कुठेही. भाची सुमनच्या लग्नात पाठवणीच्या वेळी मामा कुठे, मामा कुठे म्हणून शोधाशोध, आणि मामा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे नाक शिंकरत बसलेले. "येतो म्हणून सांगूक माझां तोंडच उघडणा नाय," म्हणायचे. "काकी बोलता काय ता माझा पण समजा."

दुसरी खोड वडलांकडून आलेली. असुर मेला की त्याचं काम करणाऱ्याने तोंड धुवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मेलेला माणूस बोलतो का? मग! नियम म्हणजे नियम, तालीम असो की खेळ. म्हणून घरी तालीम करताना ते शेवटचा श्वास सोडायचेच नाहीत, तेवढा राखून ठेवायचे.

सुमनचं लग्न ठरायच्या आधी एका रविवारी मात्र घोटाळा झाला. काका गॅलरीत तालीम करत होते, रंगले, आणि भर साडेबाराला चुकून पूर्ण मेले. घरात पाण्याचा थेंब नाही, अख्ख्या मजल्यावर नाही. नळ चारला. आणि एक वाजता, सुमनला बघायला संध्याकाळी पाचला येतो म्हणून कळवलेली मुलाकडची मंडळी वांद्र्याहून दारात हजर! मुलाचे काका विचारतायत, मुलगी कितवी शिकली, गाव कुठलं, देणंघेणं कसं. आमचे काका खुर्चीत ताठ. नुसती मान. कधी वर, कधी खाली, कधी डोळे मिटून दीर्घ उसासा. काकी आत पदराला घाम पुसतायत, मी खालच्या हॉटेलातला चहा घेऊन येरझाऱ्या घालतेय. पावणेचारला मंडळी उठली. जिन्यात मुलाचे काका मला म्हणाले, "काय भारदस्त माणूस! एक शब्द वायफळ नाही. अशा घरची मुलगी डोळे मिटून करावी." लग्न ठरलं. चारला नळ आला, काकांनी तोंड धुतलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तो मुलाचो काको लय बोलता."

तर मालिका तेरा भागांची होती. तेराव्या भागात धूम्रकेशाचा वध. निर्मात्याने काकांना शब्द दिला होता, की मरणाला कात्री लावणार नाही, पाहिजे तेवढा वेळ घ्या. मग काय! काका त्या मरणाच्या तयारीला लागले. नवीन गिरकी बसवली. शेवटी रांजण फुटून सावल्या सुटतात, तेव्हा राक्षस स्वतःच्या सावलीवर पडतो, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. मला सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. स्वतःच्या मरणाचं एवढं कौतुक मी दुसऱ्या माणसात पाहिलं नाही.

नववा भाग झाला. धूम्रकेश सातही राज्यं जिंकून रांजण खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता सूर्यसुद्धा माझा!" आणि हसला. पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे जमलो, तर टीव्हीवर कैरीचं लोणचं टिकवण्याच्या पद्धती. त्याच्या पुढच्या गुरुवारी मधमाशा. जाहिरात देणाऱ्याने अंग काढून घेतलं, निर्मात्याने फोन उचलणं सोडलं, राजपुत्राची बँकेने नागपूरला बदली केली. वाट लागली सगळ्याची. चार भाग राहिले ते राहिलेच.

बाकीचे हळहळले आणि विसरले. काकांना विसरता येईना. मला वाटलं, मानधन बुडालं म्हणून असेल. छे! एके दिवशी गॅलरीत मला म्हणाले, "मास्तरणी, माझो बापूस सांगायचो. असुराचो वेष चढवलो काय मरूक व्हयाच. नायतर तो अंगातसून उतरणा नाय." मग त्यांनी वडलांची गोष्ट सांगितली. एकदा वधाच्या आधीच पावसाने खेळ मोडला. सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वडील देवळासमोर गेले, देवाचं काम करणाऱ्याला जेवणावरून उठवून नेलं, हातात तलवार दिली, आणि पुजारी नि एक कुत्रा एवढ्या प्रेक्षकांपुढे रीतसर मरून घरी आले. "मगेच जेवलो तो," काका म्हणाले. "आणि मी जितोच आसय."

मी हसले. शिकलेल्या बाईला हसू येणारच. पण नंतर नंतर येईना. कारण काका भलत्या वेळी हसायला लागले. धूम्रकेशाचं ते हसू. दुसऱ्या मजल्यावरच्या दळवींच्या दहाव्याला गुरुजींनी सूर्याचं नाव घेतलं मात्र, काका जे सुरू झाले! दळवीवहिनी नंतर कधी बोलल्या नाहीत त्यांच्याशी. बंबाच्या कवायतीत साहेबासमोर हसले, मेमो मिळाला. काकी मला म्हणाल्या, "माणसां झोपेत घोरतत. ह्ये हसतत. माका भय वाटता गो." नवऱ्याची थट्टा करण्यात काकींचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याच असं म्हणाल्या.

काका अंधेरीला चार खेपा घालून आले. निर्मात्याच्या हापिसात तोपर्यंत फरशीवाल्याचं दुकान झालेलं. सेट भंगारात. काकांनी तिथून फक्त तो रांजण उचलून आणला. सेटवर एवढी एकच वस्तू खरी होती, बाकी पुठ्ठा. काकींनी तो घासला आणि पिण्याच्या पाण्याला लावला. पोरं येऊन आत डोकावायची. "काकी, सावल्या आत आहेत?" काकी म्हणायच्या, "सावली-बिवली काय नाय, पाणी आसा त्यात. चार वाजेपातूर पुराक व्हया. सर मेल्या बाजूक."

शेवटी मीच पुढाकार घेतला. म्हटलं, टीव्ही नाही तर नाही, आपल्या गणपतीच्या स्टेजवर मारू यांना. चार भागांची गोष्ट अर्ध्या तासात बसवली. राजपुत्र म्हणून मंडळाचा सेक्रेटरी दिनू. तिशीचा, पोट सुटलेला, क्रिकेटची पॅडं बांधून चिलखत केलेलं. तलवार माझ्या हातची, पुठ्ठ्याला चांदीचा कागद. काकांनी आठवडाभर मासे वर्ज्य केले. मालवणी माणसाने मासे सोडले म्हणजे प्रकरण किती गंभीर, बघा.

वसाहत लोटली होती. धूम्रकेश आला, हसला, मंडप हादरला. राजपुत्र आला, युद्ध झालं, आणि दिनूने तलवार उगारली. काकांनी छाती पुढे केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय सुख होतं! आणि तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एक चिमुरडी किंचाळली, "काकांना मारू नको!"

झालं! पाठोपाठ दुसरं, तिसरं, पन्नास पोरं ओरडायला लागली. गॅलरीतल्या दिव्याखाली ज्यांच्या सावल्या तपासून मिळाल्या होत्या ती सगळी. पाचसहा जणी सरळ स्टेजवर चढल्या आणि राक्षसाच्या पायांना मिठी मारून बसल्या. एक दिनूच्या पॅडाला चावली. दिनू तलवार वर धरून माझ्याकडे बघतोय, "बाई, मारू की नको?" काकी पहिल्या रांगेतून ओरडतायत, "मेल्यांनो, मरांदेत रे त्यांका!" आणि पोरं म्हणतायत, "काका, पळा!"

काय करणार? पोरांना झटकून मरता येत नाही. काका उभे राहिले, छाती तशीच पुढे. मग त्यांनी त्या पोरांकडे खाली पाहिलं आणि हसले. राक्षसासारखे नाही, साधे. टाळ्या पडल्या, मी पडदा पाडला. धूम्रकेश पुन्हा वाचला.

स्टेजमागे रंग पुसत म्हणाले, "ह्या पोरांनी माझी वाट लावल्यानी." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी करू काका." त्यांनी कानामागचा रंग पुसला. मग म्हणाले, "पण काय गो, असुराक वाचवूक आजपातूर कोण इलो नव्हतो. माझ्या बापसाक पण नाय." आणि नाक शिंकरायला विंगेत गेले.

नंतर ते हसू कमी झालं, गेलं मात्र नाही. पुढच्या वर्षी स्टेजवर मुलांचे नाच आले. त्याच्या पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा. पोरं मोठी झाली, टीव्ही रंगीत झाले, त्यावर मोठमोठे देव आणि मोठमोठे राक्षस आले, खऱ्या वाटणाऱ्या गदा घेऊन. काका बघायचे आणि म्हणायचे, "बरो मेलो. पण घाईत मेलो."

मग ते निवृत्त झाले. आग लागलीच नाही. खोली सोडून गावी जायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात काकी दारोदार हळदीकुंकू लावून घेत फिरल्या, काका कुणाच्या दारात गेले नाहीत. मला जिन्यात दिसले की मान वळवून भराभर उतरायचे. मला ठाऊक होतं कशामुळे, तरी मला वाईट वाटलं. समोरासमोर चौदा वर्षं काढली, येतो म्हणायला काय जातं, असं वाटलं.

मे महिन्यातली दुपार. एक वाजता टेम्पो खाली लागला. ट्रंका, पलंग, शिवणयंत्र, आणि सगळ्यांत वर गोधड्या कोंबून भरलेला तो रांजण. आम्ही पंधरावीस जण रस्त्यावर. काकी सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्या, काकांचा पत्ता नाही. मी म्हटलं, गेले वाटतं टाकीमागे.

तर जिन्यातून धूम्रकेश उतरला. रंग नव्हता, झगा नव्हता. लेंगा, सदरा, आणि डोक्यावर गणपतीच्या नाटकातला पुठ्ठ्याचा मुकुट. हातात माझीच तलवार, चांदीचा कागद निघालेली. सरळ माझ्यासमोर आले आणि ती माझ्या हातात दिली.

"मार," म्हणाले.

"काका, टेम्पो थांबलाय."

"थांबांदे. पोरां सगळी गावाक गेली आसत सुट्टीक. आता माका वाचवूक कोण नाय. मार गो मास्तरणी."

मी आयुष्यात वर्गातल्या पोराला छडी मारली नव्हती. काकींकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, मार. मी मारली.

काकांनी आधी आश्चर्य केलं. मग राग. मग त्या तापलेल्या रस्त्यावर, साठीच्या गुडघ्यांनी, तीन गिरक्या. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. काका एका गुडघ्यावर आले आणि माझी तारीफ केली. "शाबास गो राजपुत्रा! तुका सावली नाय, पण काळीज आसा!" टेम्पोवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवायला हात नेला, आणि इंजिन बंद करून खाली उतरला. काका उठायला गेले, पुन्हा बसले. भाजीवाला तराजू धरून उभा. वरच्या मजल्यावर दळवीवहिनी कठड्याला येऊन टेकल्या होत्या. मग छातीवर हात, मग इतकी वर्षं राखून ठेवलेला तो श्वास सोडला, आणि स्वतःच्या एवढ्याशा सावलीवर काका हळूच आडवे झाले. पंधरा मिनिटं पुरती. मी रडत होते, लपवत नव्हते.

मग ते उठले, लेंगा झटकला, मुकुट काढून काखेत मारला. मी पुढे झाले. मला खूप काही बोलायचं होतं, त्यांच्याकडूनही एक शब्द पाहिजे होता. त्यांनी बोट तोंडाकडे नेलं आणि मान हलवली. तोंड धुतलेलं नाही.

"थांबा, माझ्या हंड्यात आहे पाणी, तांब्या घेऊन येते," म्हणत मी जिन्याकडे वळले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. आणि पुन्हा मान हलवली. नको.

तेव्हा मला उमगलं. लबाड म्हातारा! नळाची वेळ, पोरांची सुट्टी, सगळं जमवून आणलं होतं.

टेम्पोत चढले. काकी म्हणाल्या, "येतंव गो बाय." काका समोर बघत बसले. कोपऱ्यावर वळताना खिडकीतून तो मोठा पंजा बाहेर आला, हलला नाही, नुसता उघडा धरलेला, आणि टेम्पो दिसेनासा झाला.

पंधरा दिवसांनी काकींचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. प्रवास बरा झाला. वाटेत चार ठिकाणी टेम्पो थांबला, पण ह्यांनी तोंडाला पाणी लावलं नाही, चहासुद्धा खुणेने मागितला. झोपेत हसले नाहीत. सकाळी घरच्या विहिरीवर गेले, घागर काढली, तोंड धुतलं, आणि पहिलंच बोलले ते तुला कळवायला सांगतात म्हणून कार्ड टाकते:

"मास्तरणीक सांग, येतंय म्हणान."